टोक झाकलेली मका

श्यामशेठच्या बियाण्याच्या दुकानाने शिवारफेरी ठेवली त्या दिवशी मे महिन्याचं ऊन नुसतं आग ओकत होतं. तरी लोणी काळभोरातली तीस-चाळीस माणसं कालव्याकडेच्या रानात जमली. मांडवात मिसळ होती, हे एक कारण. दुसरं कारण मका. सहा जातींची उन्हाळी मका तिथं शेजारी शेजारी उभी केलेली होती, प्रत्येक पट्ट्यापुढे नंबराची पाटी. पावसाळ्यात आपापल्या रानात कोणतं बी टाकायचं, ते ती बघून ठरवायचं होतं.

एवढ्या गर्दीत बाई एकच, राधा ओव्हाळ. डोक्यावर पदर, पायात नवऱ्याचे जुने बूट आणि मागे काठी टेकत आलेले सासरे, बाबुराव. ते सोबतीला आले होते असं म्हणणं चूक ठरेल. ते तपासणीला आले होते. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात चौतीस वर्षं त्यांनी तयार माल तपासला होता. रिटायर होऊन पंधरा वर्षं झाली तरी ते भाकरीसुद्धा उलटीसुलटी बघूनच खायचे.

कालव्याखालचं दोन एकर रान बाबुरावांच्या नावावर होतं. नोकरीमुळे त्यांनी ते स्वतः कधी कसलं नाही. बांधाला बांध असलेल्या रामदासने वीस वर्षं निम्म्या वाट्याने केलं. यंदा रामदास म्हणाला, नऊ वर्षांचा कागद करून द्या, म्हणजे मला पाइपलाइन टाकता येईल. बाबुराव हो म्हणायच्या बेतात होते. तेवढ्यात ओट्यापाशी चहा गाळणारी राधा म्हणाली, "रान मी करते."

ती असं काही बोलेल असं कुणालाच वाटलं नव्हतं, तिला स्वतःलाही नाही. बारा वर्षं तिने स्वारगेटला एसटी स्टँडाबाहेर गाडीवर कणसं भाजून विकली होती. पहाटे मार्केट यार्डातून पोती आणायची, दिवसभर सोलायची, भाजायची, लिंबू-मीठ चोळायचं. गेल्या वर्षी रस्त्याच्या खोदाईत ती जागा गेली आणि राधा घरी बसली. बसणं म्हणजे काय असतं हे तिला ठाऊकच नव्हतं, त्यामुळे घरातली भांडी दिवसातून तीनदा घासून निघू लागली.

बाबुरावांनी निकाल दिला तो असा: "एक खरीप देतो. बांधाच्या पल्याड रामदासचं सोताचं दोन एकर, अल्याड आपलं. दोघांनी निम्म्यात मका करायची, निम्म्यात सोयाबीन. तुझी दोन्ही पिकं त्याच्यापरीस सरस आली, तर रान तुझ्याकडं. एकातबी मागं पडलीस, तर नऊ वर्षांचा कागद. मग रडायचं न्हाई."

"रडतंय कोण?" राधा म्हणाली.

शिवारफेरीत सगळे पुरुष दोन नंबरच्या पट्ट्याला चिकटले होते. कणीस होतंच तसं. रामदासने टेप लावली, तर चांगलं सव्वा वीत भरलं. "बघा, दाणा पार शेंड्यापर्यंत भरलाय!" श्यामशेठ ओरडून सांगत होता. "पाल्यात मावेना, बाहेर आलाय!" आणि खरंच, पाला फाटून वरचे दाणे पिवळेधमक दात दाखवत होते. माणसं फोटो काढत होती.

राधा मात्र एका टोकापासून एकेक पट्टा चालत निघाली. ती कणसाकडे बघतसुद्धा नव्हती. कणसाचा शेंडा तीन बोटांत धरायचा, दाबायचा, सोडायचा, पुढे जायचं. बारा वर्षांत तिने किती कणसं सोलली असतील त्याची मोजदाद नाही, पण पावसाळ्यातल्या शिव्या तिच्या लक्षात होत्या. शेंड्याला उघडं असलेलं कणीस पावसात भिजलं की आतून काळं पडतं, अळी होते. एकदा एका साहेबाने तसलं कणीस गाडीवर आपटून, "हे तुझ्या पोरांना घाल," असं सगळ्या रांगेसमोर सुनावलं होतं. त्या दिवसापासून ती पोतं घेण्याआधी शेंडा चाचपायला शिकली.

चार नंबरच्या पट्ट्यात तिची बोटं थांबली. कणीस मध्यम. पण पाला दाण्याच्या वर चार बोटं चढलेला आणि बटव्याची दोरी ओढावी तसा घट्ट मिटलेला. वाळलेली कणसं ताटाला मान खाली घालून लटकत होती. म्हणजे वरून पाणी पडलं तर ओघळून जाणार. तिने दहा ताटं पाहिली, वीस पाहिली. सगळी तशीच.

"वैनी, चार नंबरला काय बघताय? ते बारकं हाय," रामदासने लांबूनच हाक मारली. "ही मका भाजून इकायची नसती, वाळवून मळायची असती!"

पोटं धरून हसली सगळी. राधाचे कान तापले, पण ती हलली नाही. "भाऊ, तुमच्या कणसाचं टोक उघडं हाय."

"उघडं हाय म्हणून तर दाणा दिसतोय!"

"पावसालाबी दिसंल."

यावर पुन्हा हशा पिकला. श्यामशेठ समजुतीने म्हणाला, "ताई, चार नंबर कुणीच मागत नाही. तुमच्यासाठी खास मागवावं लागेल."

"मग मागवा."

बाबुरावांनी मिसळीतला रस्सा चाखला, "मीठ कमी हाय," म्हणाले आणि घराकडे निघाले.

सोयाबीनमधलं मात्र राधाला ओ की ठो कळत नव्हतं, आणि कळत नाही हे तिला कळत होतं. ती सरळ यवतजवळ गोदाबाईकडे गेली. गोदाबाई म्हणजे स्वारगेटच्या गाडीसाठी तिला वर्षानुवर्षं कणसं पुरवणारी म्हातारी. घरचं बी स्वतःच राखायची.

"रान कसलंय?" गोदाबाईने पहिला प्रश्न केला.

"काळं. कालव्याचा पाझर लागतो. पाणी साचतं."

"मग बुटकी, लवकर येणारी जात घिऊ नगं. शेंगा चिखलात लोळत्यात. संगम घे. उंच वाढतं, शेंग वर लागती. शंभर दाण्यांतलं चौऱ्यांशी उगावल्यात माझं. पर घरी गेल्यावर तूबी बघ." मग पोत्याचं तोंड शिवताना म्हातारीने दाभण राधाच्या नाकासमोर धरला. "आन हे पोतं आपटायचं न्हाई, सांगून ठेवते. सोयाबीनचं साल कांद्याच्या पापुद्र्यावानी. आतला मोड मुकाट्यानं मरतो, वरनं कळतबी न्हाई."

राधाने ते तीस किलोचं पोतं टेंपोत स्वतःच्या पायांशी ठेवलं आणि वाटभर खड्ड्याखड्ड्याला दोन्ही हातांनी सावरलं. लोणीत दारापुढे टेंपो थांबला. ड्रायव्हरला पाणी आणायला ती आत गेली. एवढंच. तिचा नवरा संजय हडपसरला सिमेंटच्या गोदामात कामाला. अर्धी हयात पोती उतरवण्यात गेलेली. रविवार असल्याने तो घरी होता, आणि बायको दमून आली असेल म्हणून बिचारा मदतीला धावला. टेंपोत खताची दोन पोती होती. धप्प, धप्प. आणि तिसऱ्यांदा धप्प.

राधा तांब्या घेऊन बाहेर आली तर संजय हात झटकत होता. "आलं बघ सगळं उतरून!"

तिने पोतं उघडलं, मूठभर दाणे घेतले. गोल, पिवळे, चकचकीत. कुठे काही झालंय असं वाटत नव्हतं, आणि तीच तर भीती होती. तिने शंभर दाणे मोजले, ओल्या गोणपाटावर दहा दहाच्या ओळी मांडल्या, गोणपाट गुंडाळला आणि पडवीत ठेवला. सहाव्या दिवशी सोडला. बाबुराव चष्मा लावून स्वतः मोजायला बसले. दोनदा मोजलं.

"सत्तेचाळीस," ते म्हणाले. "कारखान्यात हा माल परत गेला असता."

संजय भिंतीला टेकून उभा होता. "मला काय ठाऊक," तो पुटपुटला, "सिमेंट तर रोज टाकतो." त्या दिवशी तो जेवला नाही. राधाला त्याचा राग आला होता, चांगला सणसणीत राग, आणि त्याच्या उतरलेल्या तोंडाकडे बघून तो पुरता काढताही येत नव्हता.

त्यात रामदास बांधावरून आला. गोणपाटावरचे मोड बघून म्हणाला, "वैनी, उसळ करायचा बेत हाय का?"

अक्षता, राधाची लेक, लोणीच्याच कॉलेजात बीएस्सीला होती. "आई, रिस्क कशाला? दुकानातून नवी बॅग घेऊ ना," ती म्हणाली. राधा दुकानातही जाऊन आली. संगम संपलं होतं. होतं ते बुटकं, लवकर येणारं, जे गोदाबाईने घेऊ नको म्हणून बजावलं होतं. यवतलाही बी उरलं नव्हतं.

राधा दुपारभर त्या गोणपाटापुढे बसली. त्रेपन्न मेलेले एका बाजूला, सत्तेचाळीस जिते दुसऱ्या बाजूला. गोदाबाईचं बी टाकायचं, तर निम्मं मरणार. मरणार हे आधीच ठाऊक असलेलं बी पेरायचं कसं?

"ट्रॅक्टरनं पेरायचंच न्हाई," ती एकदम म्हणाली. "हातानं टोकायचं. एका भोकात तीन दाणं. दोन मेलं तरी एक उगावंल."

"म्हणजे बॅकअप ठेवायचा," अक्षता म्हणाली.

"काय म्हणायचं ते म्हण. आन सपाट रानात न्हाई, वरंब्यावर. न्हाईतरी पाणी साचतंयच तिथं."

"एक एकर हातानं?" बाबुरावांनी चष्म्यावरून बघितलं. "कंबर कुणाची हाय?"

"माझी," संजय म्हणाला. त्याने गोदामातून आठ दिवसांची रजा काढली.

एक एकर हाताने टोकणं काय असतं ते ज्याने केलंय त्यालाच विचारावं. जूनमध्ये रान पुरतं भिजल्यावर निम्म्या रानात चार नंबरची मका पेरून घेतली आणि उरलेल्यात ट्रॅक्टरने वरंबे ओढून घेतले. मग वीतवीतभर अंतरावर गाठी मारलेली दोरी वरंब्यावर ताणायची, गाठीपाशी काठीने भोक पाडायचं, तीन दाणे, मातीने झाकायचं, पुढची गाठ. संजय भोकं पाडायचा, राधा दाणे टाकायची, अक्षता कॉलेजहून आली की माती ओढायची. पहिल्या दिवशी गंमत वाटली. दुसऱ्या दिवशी संजयला पायातला बूट काढायला वाकता येईना. तिसऱ्या दिवशी राधाच्या नखांच्या मुळात चिखल बसून बोटं ठणकायला लागली. भाकरी मोडताना ती डाव्या हाताने मोडायची. पलीकडे रामदासचा ट्रॅक्टर आला आणि दीड तासात पेरून गेला.

"वैनी, दसऱ्यापतुर हुईल ना?" जाता जाता त्याने विचारलं.

"तुमी काढणी बघायला या, तवा सांगते," राधा म्हणाली. कंबर मोडली होती, जीभ शाबूत होती.

सातव्या दिवशी शेवटची गाठ संपली. संजय वरंब्याच्या सरीत आडवा झाला आणि आभाळाकडे बघत म्हणाला, "मी आता सिमेंटचं पोतंबी हळूच ठेवणार हाय." राधाला हसू फुटलं. इतके दिवस तुंबलेला राग त्या हसण्याबरोबर निघून गेला.

सोयाबीन वर आलं. कुठे एक, कुठे दोन, क्वचित तिन्ही. जिथं तिन्ही मेले तिथं राधाने उरलेले दाणे पुन्हा टोकून नांग्या भरल्या. जुलैत पावसाने अकरा दिवस उघडीप दिली नाही आणि कालव्याखालचं रान तळ्यासारखं झालं. रामदासचं सपाटावरचं, बुटकं सोयाबीन पाण्यात उभं राहून पिवळं पडलं. मधे मधे टकलं दिसू लागली. राधाच्या सऱ्यांतून पाणी वाहून जात होतं आणि वरंब्यावरचं संगम हिरवंगार उभं होतं. ऑगस्टअखेर ते तिच्या मांडीपर्यंत आलं. खाली वाकून बघितलं तर पहिली शेंग जमिनीपासून वीतभर वर.

बाबुराव रोज सकाळी बांधावरून फेरी मारायचे. एक दिवस म्हणाले, "सोयाबीन तुझं." राधाला वाटलं, आता दोन शब्द चांगले येतील. ते पुढे म्हणाले, "मका त्याची."

आणि तेही खोटं नव्हतं. सप्टेंबरच्या मध्याला रामदासच्या दोन नंबरच्या मकेची कणसं बघायला शेजारच्या गावांहून माणसं यायची. सव्वा वीत कणीस, वर दाण्यांचे दात. राधाच्या मकेची कणसं पाल्यात गुरफटून मुकाट लटकलेली. आत काय आहे ते दिसायचंही नाही. अक्षताने फोनवर दोन्ही फोटो शेजारी ठेवून बघितले आणि गुपचूप फोन बंद केला. राधाने ते फोटो बघितले होते. चार नंबर निवडताना आपली बोटं चुकली तर नाहीत ना, ही शंका तिला पहिल्यांदा आली. एकातबी मागं पडलीस, तर. नऊ वर्षं म्हणजे अक्षताचं लग्न होऊन तिचं पोर शाळेत जायला लागेल.

मग दसऱ्याच्या तोंडावर परतीचा पाऊस आला आणि पाच दिवस कोसळला. सोयाबीन दोघांचंही आधीच काढून घरात आलं होतं; मका मात्र रानातच वाळत आलेली, काढणी आठवड्यावर. राधा खिडकीत उभी राहून बघत होती. पाऊस दोघांच्या रानात सारखाच पडत होता. सहाव्या दिवशी ऊन पडलं. रानात पाय टाकण्याजोगा वाफसा यायला आणखी तीन दिवस गेले, आणि त्या सकाळी बाबुराव म्हणाले, "चल. तपासणी."

बांधावर ताडपत्री अंथरली. रामदासही आला, त्याचा चेहरा आधीच जरा उतरलेला होता. बाबुरावांची पद्धत कारखान्याची. चांगलं-वाईट निवडायचं नाही. पहिल्या तासात, म्हणजे ताटांच्या ओळीत, शिरायचं, दर दहाव्या ताटाचं कणीस तोडायचं. दोन्ही रानांतून वीस-वीस कणसं आली आणि ताडपत्रीवर दोन ढीग पडले.

"सोल," बाबुराव राधाला म्हणाले. "दोन्ही."

राधा मांडी घालून बसली. आधी रामदासचा ढीग. बोटांनी शेंडा धरला, एका ओढीत पाला खाली. वरचे चार बोटं दाणे काळे. दुसरं कणीस: पांढरी बुरशी, कुबट वास. तिसऱ्याला तर दाण्यांतून हिरवे कोंब बाहेर आलेले. सव्वा वीत लांब कणीस आणि निम्म्याहून जास्त टाकून द्यायचं. विसांतली सतरा तशी निघाली. रामदास खाली बसला. त्याने स्वतः उठून आपल्या रानातलं आणखी एक कणीस तोडून आणलं, मग आणखी एक. तीही तशीच. राधाला वाईट वाटलं. वीस वर्षं त्या माणसाने ही काळी जमीन सांभाळली होती.

मग तिने स्वतःच्या ढिगाला हात घातला. पाला इतका घट्ट की नख घालावं लागलं. ओढला. आतून दाणा निघाला तो कोरडा, नारिंगी, काचेसारखा खणखणीत. दुसरं तसंच. पाचवं, दहावं. हात सुटला आणि पाल्यांचा ढीग उडू लागला. एका कणसाला अळी होती, तेवढी सोडली तर एकोणीस कणसं शेंड्यापासून बुडापर्यंत स्वच्छ.

बाबुरावांनी एकेक कणीस उचलून उलटंसुलटं बघितलं. एक दाणा काढून दाढेखाली फोडला. कट्‌ असा आवाज सगळ्यांना ऐकू आला.

"काका," रामदास म्हणाला, "तुमी बोलायच्या आदी मीच सांगतो. रान वैनीकडंच राहू द्या. आमी सगळ्यांनी कणीस टेप लावून मोजलं. ह्यांनी चाचपून बघितलं."

"तुला कुणी इचारलं?" बाबुराव म्हणाले, पण आवाजात धार नव्हती. मग राधाकडे वळून: "सोमवारी हवेलीच्या रजिस्ट्रार कचेरीत जायचंय. आधार कार्ड, फोटो, काय असंल ते घे."

"कशाला, आबा? कागद तर आता होणार न्हाई."

"दुसरा व्हायचाय. बक्षीसपत्र. रान तुझ्या नावावर करतोय."

राधाला ते नीट ऐकू आलं नाही असं वाटलं. तिने संजयकडे बघितलं. तोही वेड्यासारखा बघत होता. "माझ्या? ह्यांच्या करा की."

"त्याचं नाव माझ्या मागं आपसूक लागंल. सुनेचं लागत न्हाई. म्हणून तुझं मी जित्ता हाय तवर लावायचं. जुलैतच वकिलाशी बोललोय, तुझं सोयाबीन त्या पाण्यातबी टिकलं तवा."

"जुलैत?" राधाचा आवाज फाटला. "मग तीन महिनं मला टांगून का ठेवलं?"

"तपासल्याबिगर माल पुढं धाडायची सवय न्हाई मला."

राधाला रडू कोसळलं. रडायचं नाही अशी अट होती ती गेली उडत. ती त्या पाल्यांच्या ढिगात बसून हुंदके देऊन रडली, मधेच हसली, मग पदराने नाक पुसलं. बारा वर्षं रस्त्याच्या कडेला दुसऱ्याच्या जागेवर, आज आहे उद्या नाही अशा चार फुटांत ती उभी राहिली होती. आता पायाखाली दोन एकर होतं. इतकं सुख एकदम अंगावर आल्यावर माणसाने काय करावं हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, म्हणून तिने तेच केलं जे तिला येत होतं. उठली, पदर खोचला आणि विळा हातात घेतला.

बाबुराव पहिल्या तासाच्या तोंडाशी काठी रोवून उभे होते, अजून एखादं कणीस चाचपत.

"आबा," राधा म्हणाली, "आता माझ्या रानातनं जरा बाजूला व्हा. मका काढायचीय."

बाबुराव मुकाट्याने बांधावर जाऊन उभे राहिले.